वीज ग्रिड सावरण्यासाठी सरकारचे आणीबाणीचे निर्देश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा तापू लागला की ‘केंद्राने कलम ११ लागू केले’ अशी बातमी येते आणि तिच्या पाठोपाठ तेच ते प्रश्न विचारले जातात: सरकार खासगी कंपनीला वीज निर्माण करायला भाग पाडू शकते का, तसे केले तर भारनियमन टळते का, आणि त्याचे पैसे अखेर कोणाच्या बिलात येतात. खालील उत्तरे मुख्यतः भारतातील विद्युत अधिनियम, २००३ आणि त्यातील कलम ११ चा २०२२ पासून झालेला वापर यांविषयी आहेत.

कलम ११ नेमके काय सांगते?

या कलमात दोनच उपकलमे आहेत. पहिल्यानुसार, असाधारण परिस्थितीत सरकार एखाद्या वीजनिर्मिती कंपनीला आपल्या निर्देशांप्रमाणे वीज केंद्र चालवण्यास आणि त्याची देखभाल करण्यास फर्मावू शकते. असाधारण परिस्थिती कोणती, हेही तिथेच सांगितले आहे: राज्यसंस्थेच्या सुरक्षिततेला किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेला असलेला धोका, नैसर्गिक आपत्ती, अथवा लोकहिताच्या दृष्टीने उद्भवलेली अन्य परिस्थिती. शेवटचे शब्द फार रुंद आहेत. युद्ध नाही, पूर नाही, भूकंप नाही, तरीही कोळशाची टंचाई त्यात बसते, ती याच शब्दांमुळे.

दुसऱ्या उपकलमानुसार, अशा निर्देशांमुळे कंपनीला बसलेला आर्थिक फटका वीज नियामक आयोग त्याला योग्य वाटेल त्या रीतीने भरून काढू शकतो. किती दिवसांत, कोणत्या दराने आणि कोणाकडून, हे कलमात लिहिलेले नाही. निर्देश किती काळ चालू शकतो, त्याचीही मर्यादा तिथे नाही. माझ्या मते या दोन मोकळ्या जागांमधूनच पुढचे बहुतेक वाद निघाले आहेत.

अशा निर्देशांची गरजच का पडते? मागणी आहे तर कंपन्या आपणहून वीज विकणार नाहीत का?

विजेचा व्यवहार धान्यासारखा नाही. कोठारात भरून ठेवावी आणि लागेल तशी काढावी, असे मोठ्या प्रमाणावर अजून जमलेले नाही. ज्या क्षणी मागणी होते, त्याच क्षणी तेवढी निर्मिती व्हावी लागते. भरलेली बैलगाडी चढाला लागली की बैलांची चाल मंदावते, तसेच मागणी निर्मितीपेक्षा वाढली की देशभरातील सगळी जनित्रे किंचित मंदावतात आणि ग्रिडची, म्हणजे वीज केंद्रे आणि ग्राहक यांना जोडणाऱ्या वाहिन्यांच्या जाळ्याची, वारंवारता ५० हर्ट्झच्या खाली घसरू लागते. ती ४९.९० ते ५०.०५ च्या दरम्यान राहावी, असा नियम आहे. मागणी आणि निर्मिती यांचा मेळ क्षणोक्षणी घालणाऱ्या भार प्रेषण केंद्राच्या नियंत्रण कक्षात मोठ्या पडद्यावर हा आकडा सतत हलत असतो, ४९.९७, ४९.९४, ४९.९१ असा तो उतरू लागला की बोलणारी माणसे बोलता बोलता थांबतात आणि त्या आकड्याकडे पाहतात.

फार घसरण झाली तर रिले, म्हणजे त्यासाठी बसवलेली स्वयंचलित उपकरणे, आपोआप काही वाहिन्या तोडतात. तेवढ्यानेही सावरले नाही तर काय होते, ते देशाने ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी पाहिले. पहिल्या दिवशी पहाटे अडीचच्या सुमारास उत्तर भारताचे ग्रिड कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीनही ग्रिड कोसळली आणि सुमारे ६० कोटी लोकांच्या भागातील वीज गेली. पश्चिम ग्रिड तेव्हा तगून राहिले, म्हणून महाराष्ट्र वाचला. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली, दक्षिण ग्रिडही उरलेल्या देशाशी एका तालात आले, आणि तेव्हापासून चंद्रपूरच्या वीज केंद्रातला एखादा निर्मिती संच बंद पडला की त्याचा धक्का, कितीही सूक्ष्म असला तरी, पंजाबपासून तमिळनाडूपर्यंत पोचतो.

कंपन्या आपणहून वीज का विकत नाहीत, याचे उत्तर सरळ आहे: वितरण कंपनीशी केलेल्या करारातील दरापेक्षा कोळसा महाग झाला, तर प्रत्येक युनिटमागे तोटा होतो आणि संच बंद ठेवणे परवडते. कंपनीच्या हिशेबाने तो निर्णय बरोबर असतो, पण ग्रिडच्या दृष्टीने तो घातक ठरतो. सरकारने मध्ये पडण्याची जागा हीच आहे.

भार प्रेषण केंद्र रोजच आदेश देते. मग हे निर्देश वेगळे कसे?

दोन्हींचा काळ वेगळा आहे. भार प्रेषण केंद्राचे आदेश सेकंदांचे, मिनिटांचे आणि तासांचे असतात: अमुक संच कमी करा, कोयनेची निर्मिती वाढवा, तमुक वाहिनीवरचा भार उतरवा. प्रादेशिक केंद्रांना हा अधिकार कलम २९ ने आणि राज्य केंद्रांना कलम ३३ ने मिळतो, आणि तो न पाळणाऱ्याला अनुक्रमे १५ लाख आणि ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र हे केंद्र चालू असलेल्या संचांवर हुकूम चालवते. ज्याच्याकडे कोळसाच नाही, किंवा असूनही ज्याने तो घेतलेला नाही, त्याच्यापुढे त्याचा इलाज चालत नाही. कलम ११ चा निर्देश आठवड्यांचा आणि महिन्यांचा असतो. त्याने संच चालू स्थितीत येतो आणि भार प्रेषण केंद्राच्या हाताशी पडतो.

याखेरीज कलम ३७ खाली सरकार थेट प्रादेशिक आणि राज्य भार प्रेषण केंद्रांना निर्देश देऊ शकते, पण लोक ज्याला ‘आणीबाणीचा आदेश’ म्हणतात, तो जवळपास नेहमी कलम ११ चाच असतो.

५ मे २०२२ रोजी नेमके काय झाले?

त्या वर्षी मार्चपासूनच उष्णतेची लाट होती. कोविडनंतर कारखाने पुन्हा जोमाने चालू झाले होते. युक्रेन युद्धामुळे आंतरराष्ट्रीय बाजारात कोळशाच्या किमती कडाडल्या होत्या. देशातील कोळसा खाणीतून निघत होता, पण वीज केंद्रांच्या आवारातील साठे ज्या वेगाने जळत होते त्या वेगाने भरत नव्हते; कोळशाच्या मालगाड्यांना मार्ग मोकळा मिळावा म्हणून रेल्वेला प्रवासी गाड्याही रद्द कराव्या लागल्या. २९ एप्रिलला देशाची कमाल मागणी २,०७,१११ मेगावॉटवर गेली, हा तोवरचा उच्चांक होता. आणि याच वेळी आयात कोळशावर चालणाऱ्या सुमारे १७,६०० मेगावॉट क्षमतेपैकी मोठा भाग बंद होता.

५ मे रोजी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने कलम ११ खाली निर्देश काढला: आयात कोळशावरील सर्व केंद्रांनी पूर्ण क्षमतेने वीज निर्माण करावी. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकलेली केंद्रेही सुरू करण्यासाठी पावले उचलावीत, असे त्यात होते. वीज आधी करारदार राज्यांना द्यायची, त्यांनी न घेतलेली इतर करारदारांना आणि उरलेली पॉवर एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या खुल्या बाजारात, विकायची, असा क्रम घालून दिला होता. दर ठरवण्यासाठी ऊर्जा मंत्रालय, केंद्रीय वीज प्राधिकरण आणि केंद्रीय वीज नियामक आयोग यांच्या प्रतिनिधींची समिती नेमली. वितरण कंपन्यांनी आठवड्याच्या आठवड्याला पैसे चुकते करावेत, असेही बंधन घातले.

निर्देशातील एका तरतुदीची चर्चा फार कमी झाली, पण मला ती महत्त्वाची वाटते. वीज कंपनीच्या मूळ समूहाची परदेशातील कोळसा खाणीत भागीदारी असेल, तर त्या भागीदारीच्या प्रमाणात खाणीचा नफा वजा धरून दर काढायचा होता. कोळसा महागला की वीज केंद्राला तोटा आणि त्याच समूहाच्या खाणीला नफा होतो; ग्राहकाने फक्त तोट्याचा वाटा उचलावा हे न्याय्य नाही, एवढे तरी त्या वेळी कोणीतरी कागदावर मांडले.

निर्देशाची मुदत ३१ ऑक्टोबर २०२२ पर्यंत होती. ती पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली.

या चर्चेत मुंद्र्याचे नाव सतत का येते?

कारण सगळा पेच त्या एका प्रकल्पात दिसतो. गुजरातच्या किनाऱ्यावरील टाटांच्या ४,००० मेगावॉटच्या अतिविशाल प्रकल्पाने स्पर्धात्मक निविदेत युनिटमागे सरासरी २.२६ रुपये इतका दर देऊन काम मिळवले. करार पाच राज्यांशी झाला: गुजरात, महाराष्ट्र, राजस्थान, पंजाब आणि हरियाणा. महाराष्ट्राचा वाटा ७६० मेगावॉटचा. कोळसा इंडोनेशियातून स्वस्तात येत राहील, हे गृहीत धरलेले होते. पुढे इंडोनेशियाने कोळशाच्या निर्यातीला आंतरराष्ट्रीय भावाशी बांधले आणि दराचा पायाच हलला. त्यावर झालेली न्यायालयीन लढाई अनेक वर्षे चालली. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की परदेशातील भाववाढ ही करारातील ‘अपरिहार्य आपत्ती’ ठरत नाही. निविदा भरताना जोखीम तुम्ही घेतली होती, ती आता ग्राहकावर ढकलता येणार नाही, असा त्याचा अर्थ.

निकाल तत्त्वाला धरून होता असेच मी मानतो. पण त्यानंतर प्रश्न असा उरला की कंपनी तोट्यात वीज देणार नाही, राज्ये वाढीव दर देणार नाहीत, आणि ४,००० मेगावॉटचे संच किनाऱ्यावर नुसते उभे राहतील. २०२१ च्या पावसाळ्याअखेर नेमके तेच झाले. करार ना धड मोडला जातो ना धड पाळला जातो, अशा अवस्थेत कलम ११ ने संचांची चाके फिरवली. मूळ भांडण मात्र त्याने सोडवले नाही.

निर्देश निघाला की दुसऱ्या दिवशी वीज मिळते का?

नाही. बंद आणि थंड पडलेला औष्णिक संच चालू करणे हे पंख्याचे बटण दाबण्यासारखे नसते. आधी बॉयलर तेलावर पेटवावा लागतो, धातूच्या जाड भिंतींना तडा जाऊ नये म्हणून वाफेचे तापमान हळूहळू चढवावे लागते, टर्बाइन मिनिटाला ३,००० फेऱ्यांपर्यंत नेऊन ग्रिडच्या तालाशी जुळवावे लागते, आणि मगच तेल कमी करत करत कोळशावर भार वाढवता येतो. सगळे सुरळीत गेले तरी यात बरेच तास जातात; महिनोन्‌महिने बंद असलेल्या संचात झडपा, पंप आणि गळत्या नळ्या यांच्या दुरुस्तीचे दिवस वेगळे धरावे लागतात. कोळसा बंदरात नसेल तर जहाज ठरवणे, भरणे आणि आणणे यात आठवडे मोडतात. म्हणून मे महिन्यात काढलेला निर्देश मे महिन्याच्या टंचाईला पुरा उपयोगी पडत नाही. २०२३ मध्ये ही चूक सुधारली गेली: निर्देश २० फेब्रुवारीला निघाला आणि तो १६ मार्चपासून लागू झाला.

याचे पैसे कोण भरते?

ग्राहक. यात आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही.

महावितरणचे बिल हातात घेतले तर स्थिर आकार, वीज आकार आणि वहन आकार यांच्या खाली ‘इंधन समायोजन आकार’ अशी एक ओळ असते. मंजूर दरापेक्षा वितरण कंपनीला वीज महाग पडली की फरक तिथे उमटतो. कलम ११ खाली घेतलेली वीज, देशी कोळशात मिसळलेला आयात कोळसा, एक्स्चेंजवरून संध्याकाळी चढ्या भावाने घेतलेले युनिट, हे सगळे खर्च त्या एका ओळीत एकत्र होऊन येतात. त्यातला कोणता रुपया कशाचा, हे बिलावरून कळत नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे. लोक टंचाईच्या काळात जादा पैसे द्यायला सरसकट नकार देतात असे नाही. आपण कशासाठी देत आहोत हे न सांगता घेतलेला पैसा त्यांना खुपतो.

वीज न घेण्याचाही खर्च असतो, हे दुसऱ्या बाजूने सांगितले पाहिजे. भारनियमन होते तेव्हा पिठाची गिरणी, शीतगृह आणि यंत्रमाग थांबतात, आणि ज्याला परवडते तो डिझेलचे जनित्र लावतो, ज्याचे युनिट आयात कोळशाच्या विजेपेक्षा कितीतरी महाग पडते. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय आयोगाने एक्स्चेंजवरील कमाल दर युनिटमागे २० रुपयांवरून १२ रुपयांवर आणला, याचे कारणही हेच, की टंचाईत दराला धरबंध राहिला नव्हता.

राज्य सरकारही असा निर्देश देऊ शकते का?

देऊ शकते. कायद्यातील शब्द ‘समुचित सरकार’ असा आहे: केंद्राच्या मालकीच्या किंवा आंतरराज्य व्यवहार असलेल्या कंपन्यांसाठी केंद्र, इतरांसाठी राज्य. कर्नाटकाने हा अधिकार एकाहून अधिक वेळा वापरला. २००८-०९ मध्ये तिथल्या खासगी निर्मात्यांना राज्याबाहेर वीज न विकता राज्याच्या ग्रिडला देण्यास सांगण्यात आले, आणि कोणत्या दराने, यावरून खटले झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये पाऊस कमी पडून धरणांतला साठा घटला आणि शेतीपंपांची मागणी अवेळी वाढली, तेव्हा पुन्हा तसाच आदेश निघाला.

राज्यांचा असा आदेश मला अधिक काळजीचा वाटतो. केंद्राचा निर्देश नवी वीज ग्रिडवर आणतो. राज्याचा निर्देश बहुधा असलेली वीज आपल्या कुंपणात अडवतो. एका राज्याने अडवलेले युनिट दुसऱ्या राज्याने करारानुसार हक्काचे मानलेले असू शकते. टंचाईत प्रत्येक राज्याने असेच केले, तर एक देश, एक ग्रिड ही कष्टाने उभी केलेली व्यवस्था कागदावरच राहील.

कंपनीने निर्देश पाळला नाही तर?

अधिनियमाखालील आदेश न पाळल्यास कलम १४६ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मोठ्या कंपनीच्या मानाने दंडाची रक्कम किरकोळ आहे.

वीज कामगारांच्या संपात सरकार जो कायदा लावते, तो हाच का?

नाही. तो महाराष्ट्र अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा, म्हणजे मेस्मा. ४ जानेवारी २०२३ रोजी राज्यातील वीज कर्मचाऱ्यांनी समांतर वीज वितरण परवान्याच्या विरोधात तीन दिवसांचा संप पुकारला, तेव्हा सरकारने मेस्मा लावला होता. उपमुख्यमंत्र्यांशी चर्चा होऊन संप त्याच दिवशी मागे घेतला गेला. वीज चालू राहावी हा हेतू दोन्हीकडे समान असला, तरी एका कायद्याने यंत्रे कामाला लागतात आणि दुसऱ्याने माणसे. दोन्ही एका पारड्यात टाकू नयेत.

गॅसवरील केंद्रांनाही हे लागू झाले का?

झाले. एप्रिल २०२४ मध्ये काढलेल्या निर्देशाने देशातील गॅस केंद्रांना १ मे ते ३० जून या काळात चालण्यास सांगण्यात आले. तेव्हा देशात गॅसवरील क्षमता सुमारे २५,००० मेगावॉट होती आणि तिचा बराच भाग गॅस महाग म्हणून वर्षभर निजलेला असे. कोकणातल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. गुहागर तालुक्यातील अंजनवेलचा १,९६७ मेगावॉटचा प्रकल्प त्याने वर्षानुवर्षे पाहिला आहे. गॅस टर्बाइन कोळशाच्या संचापेक्षा फार लवकर भार घेते, त्यामुळे थोड्या आठवड्यांसाठी आणि थोड्या तासांसाठी ती जवळ असणे शहाणपणाचे आहे. त्या वर्षी ३० मे रोजी कमाल मागणी सुमारे २,५०,००० मेगावॉटवर पोचली.

सौर ऊर्जा इतकी वाढली असताना अजूनही कोळशासाठी आणीबाणी का?

दुपारचा प्रश्न सौर ऊर्जेने खरोखर हलका केला आहे. संध्याकाळचा केलेला नाही. सूर्य मावळतो, सौर निर्मिती तासा-दीड तासात शून्यावर येते आणि नेमके तेव्हाच घराघरांत दिवे, पंखे आणि वातानुकूलन यंत्रे सुरू होतात. हा उतार भरून काढायला जलविद्युत, साठवणूक किंवा चालू स्थितीतील औष्णिक संच लागतात. महाराष्ट्राच्या वाट्याला कोयनेसारखे मोठे जलविद्युत केंद्र आहे, पण तिचे पाणी लवादाने ठरवलेल्या मर्यादेतच पश्चिमेकडे वळवता येते आणि मे महिन्यात त्यातले थोडेच शिल्लक असते. उदंचन जलविद्युत (वीज जास्त असताना पाणी वर चढवून ठेवायचे आणि लागेल तेव्हा खाली सोडून वीज काढायची) आणि बॅटरी साठवणूक जितक्या लवकर उभी राहील तितकी कलम ११ ची गरज कमी होईल.

इतर देशांत असे अधिकार आहेत का?

अमेरिकेत १९३५ च्या फेडरल पॉवर अॅक्टमधील कलम २०२(सी) नुसार ऊर्जा विभाग आणीबाणीत वीज केंद्र चालू ठेवण्याचा आदेश देऊ शकतो. पूर्वी त्याचा वापर मुख्यतः वादळे, कडाक्याची थंडी अशा थोड्या दिवसांच्या संकटांत होत असे. २३ मे २०२५ रोजी मिशिगनमधील कॅम्पबेल या कोळशावरील केंद्राला, ते ३१ मे रोजी कायमचे बंद होणार असताना, ९० दिवस चालू राहण्याचा आदेश देण्यात आला, आणि ती मुदत संपताच नवा आदेश निघाला. केंद्र बंद करण्याचे नियोजन कंपनीने आधीच केलेले होते, त्यामुळे खरी आणीबाणी होती का, यावर तिथे मोठा वाद झाला.

तिथल्या कायद्यातील एक गोष्ट आपण घ्यावी. पर्यावरणाच्या नियमांशी टक्कर होणारा आदेश ९० दिवसांत संपतो आणि वाढवायचा तर पुन्हा कारणे द्यावी लागतात. मुदतवाढीची पळवाट तिथेही आहे, पण निदान दर वेळी सरकारला लिहून सांगावे लागते.

मग भारतातील निर्देश किती काळ चालले?

२०२३ चा निर्देश मुळात १६ मार्च ते १५ जून, म्हणजे तीन महिन्यांचा होता. तो आधी ३० सप्टेंबरपर्यंत, नंतर ३० जून २०२४ पर्यंत वाढवला गेला, आणि पुन्हा पुन्हा मुदतवाढ मिळत २०२५ च्या उन्हाळ्यात पोचला. या काळात पावसाळे आले, हिवाळे आले, देशी कोळशाचे उत्पादन विक्रमी झाले. जो उपाय सलग दोन वर्षे लागू राहतो त्याला असाधारण म्हणणे मला पटत नाही.

२०२२ मध्ये निर्देश काढला हे योग्यच होते. तो काढला नसता तर गावागावांत रात्रीचे भारनियमन वाढले असते, आणि त्याचा पहिला फटका, नेहमीप्रमाणे, शेतीच्या वाहिन्यांना बसला असता. रात्री दीड वाजता आलेली वीज तीन वाजता गेली की पाणी अर्ध्या वाफ्यात थांबते आणि बॅटरी घेऊन बांधावर उभा असलेला शेतकरी पुन्हा घरी जावे की थांबावे या विचारात पडतो, हे ज्याने पाहिले आहे तो अशा निर्देशाला विरोध करणार नाही. पण टंचाई ओसरल्यावर करारांचा निकाल लावणे, पावसाळ्यापूर्वी कोळशाचे साठे भरणे आणि संध्याकाळसाठी साठवणूक उभारणे ही कामे करायची होती. निर्देशाची मुदत वाढवणे त्यांहून सोपे होते.

सामान्य ग्राहक यात काय करू शकतो?

दर ठरवण्यापूर्वी वितरण कंपनीने आपली याचिका प्रसिद्ध करणे आणि आयोगाने लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेणे कलम ६४ नुसार बंधनकारक आहे. याचिकेची जाहीर सूचना वृत्तपत्रांत येते, आणि महाराष्ट्र वीज नियामक आयोगाकडे हरकत मराठीत लिहून देता येते. तिच्यात दोन प्रश्न विचारावेत: मागील वर्षात कलम ११ खाली किती युनिट वीज घेतली, आणि ती सरासरी कोणत्या दराने पडली. हे आकडे महिनावार मागावेत, कारण वर्षाच्या सरासरीत एप्रिल आणि मे दिसेनासे होतात.